‘9.8 तर पाठच आहे, मग प्रयोग कशाला?’

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो. गती, वेग, त्वरण यांची प्रात्यक्षिकं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. g, म्हणजे पृथ्वीच्या ओढीने पडणाऱ्या वस्तूला मिळणारं त्वरण, 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग असतं हे सगळ्यांना पाठ आहे, गॅलिलिओने ती भानगड चारशे वर्षांपूर्वीच निकालात काढली, सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर केलेली प्रयोगाची नक्कल, प्रयोगशाळेपेक्षा अचूक उत्तर देतं, सूत्रं आली की झालं, प्रवेश परीक्षेत प्रयोग विचारत नाहीत, आणि तसंही मुलं जर्नल उतरवूनच काढतात. तेव्हा ते तास क्लासला द्यावेत.

जर्नल उतरवतात हे खरं आहे. त्याकडे शेवटी येतो.

‘g ची किंमत ठरलेली आहे.’ कुठली? पुण्यात ती साधारण 9.78 आहे, लंडनमध्ये 9.81, ध्रुवांवर 9.83. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात दिसणारी 9.80665 ही 1901 साली सर्वांच्या सोयीसाठी ठरवून घेतलेली प्रमाण किंमत आहे. ती कुठल्याही एका गावाची नाही. हा फरक दशांश चिन्हानंतरचा, म्हणून किरकोळ वाटतो. पण 1672 साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलनिरीक्षक दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसच्या हिशेबाने लावलेलं दोलकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. दोलकाची लांबी कमी केल्यावरच ते ताळ्यावर आलं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे, हे मांडताना न्यूटनने या निरीक्षणाचा आधार घेतला.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून थोर. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कॅप्टन जेम्स बसेवी 1865 पासून दोलक घेऊन देशभर गुरुत्व मोजत फिरला आणि 1871 मध्ये लडाखच्या उंच प्रदेशात याच कामावर असताना मरण पावला. पर्वताचं एवढं प्रचंड वस्तुमान धरून जेवढं गुरुत्व भरायला हवं, त्यापेक्षा ते हिमालयात कमी भरत होतं. म्हणजे पर्वताखाली तुलनेने हलका खडक खोलवर गेलेला असणार, या विचाराला त्या आकड्यांनी बळ दिलं. त्या काळी g कुणाला माहीत नव्हता असं थोडंच होतं! सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पुन्हा नीट मोजली, म्हणून डोंगराखालचं काही कळलं.

‘गॅलिलिओने पिसाच्या मनोऱ्यावरून दोन गोळे टाकले आणि विषय संपला.’ ही गोष्ट आपल्यापर्यंत येते ती त्याचा शिष्य विवियानी याने लिहिलेल्या चरित्रातून. स्वतः गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात सविस्तर वर्णन केलंय ते उताराचं: लांब लाकडी तुळईत कोरलेली गुळगुळीत खाच, तीत घरंगळणारा ब्राँझचा गोळा, आणि वेळ मोजायला बारीक धारेने पेल्यात जमणारं पाणी. ते पाणी तो तोलून बघायचा. शंभर-शंभर वेळा करून पाहिलं, असं तो सांगतो.

उतारच का? हिशेब करून बघा. दोन मीटरवरून वस्तू सोडली तर ती 0.64 सेकंदात जमिनीवर. हाताने स्टॉपवॉच दाबताना दशांश सेकंद इकडेतिकडे सहज होतो, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने g मध्ये तीसएक टक्क्यांची चूक शिरते. उतार केला की तीच गती संथ होते आणि मोजता येते. एक मीटरच्या दोलकाचे 20 झोके मोजले तर 40 सेकंद होतात, त्यात तोच दशांश सेकंद चुकला तरी g जेमतेम अर्ध्या टक्क्याने हलतो. वीस झोके का मोजायचे, हे ज्याने एकदा पडणारा चेंडू मोजून पाहिलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही. इतरांना ते जर्नलमधलं ‘कृती क्रमांक 3’ वाटतं.

‘सिम्युलेशन जास्त अचूक.’ हा दावा मला सगळ्यात गमतीचा वाटतो. सिम्युलेशनमध्ये जे सूत्र घातलंय तेच बाहेर येतं, मग ते चुकेल कसं? 1.2 मीटरची फळी घ्या, एक टोक 10 सेंटिमीटर उचला, वरून काचेची गोटी सोडा. पुस्तकातलं त्वरणाचं सूत्र g sin θ (θ म्हणजे उताराचा कोन) लावलं तर गोटी 1.7 सेकंदात खाली यायला हवी. प्रत्यक्षात दोन सेकंद लागतात. त्यावरून g काढला तर येतो 7. मुलं आधी स्टॉपवॉचला दोष देतात, मग घर्षणाला, मग एकमेकांना. पुन्हा मोजतात, पुन्हा सातच्या आसपास. बोटाची चूक कधी कमी दाखवेल, कधी जास्त. ती दर वेळी एकाच बाजूला पडत नाही. g sin θ हे घसरणाऱ्या ठोकळ्याचं त्वरण आहे, आणि गोटी घसरत नाही, घरंगळते. ऊर्जेचा एक भाग तिला स्वतःभोवती फिरवण्यात जातो, म्हणून भरीव गोळ्याला मिळतं g sin θ च्या फक्त 5/7. आणि 9.8 चे 5/7 म्हणजे बरोबर 7. ठोकळ्याच्या सिम्युलेशनमध्ये हा प्रश्न कुणाला पडणारच नाही.

मोबाईलच्या सेन्सरचंही तसंच. तो उत्तम साधन आहे, जरूर वापरावा. पण टेबलावर स्वस्थ पडलेला फोन 9.8 दाखवतो आणि हातातून निसटून पडताना शून्याजवळ जातो. म्हणजे तो नेमकं काय मोजतोय? हे विचारल्याशिवाय त्या आकड्याचा काही उपयोग नाही.

‘सूत्रं आली की वेग-त्वरण आलं.’ अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात ट्रोब्रिज आणि मॅक्डर्मॉट यांनी 1980 च्या सुमारास विद्यार्थ्यांपुढे दोन पट्ट्यांवरून दोन गोळे सोडले आणि विचारलं, दोघांचा वेग सारखा कधी होता? भौतिकशास्त्र शिकत असलेल्यांपैकीही कित्येकांनी बोट दाखवलं ते दोन्ही गोळे शेजारी-शेजारी आले त्या क्षणाकडे. पण एक गोळा दुसऱ्याला ओलांडत असतो, तेव्हा जागा सारखी असते, वेग वेगळे असतात. v = u + at हे वेगाचं सूत्र पाठ असूनही ही गल्लत होते.

‘प्रवेश परीक्षेत प्रयोग नसतात.’ नीट आणि जेईई मेन या दोन्हींच्या अभ्यासक्रमात प्रायोगिक कौशल्यांचा भाग छापलेला आहे, साध्या दोलकासकट. बारावी बोर्डाला प्रात्यक्षिकाचे 30 गुण आहेत ते वेगळेच. पुढे.

आता जर्नल. इथे समोरच्या बाजूला एक भक्कम पुरावा आहे, जो फिरणाऱ्या मजकुरात नसतो. नताशा होम्स आणि कार्ल वीमन यांनी 2018 मध्ये लिहिलं, की वर्गात शिकवलेलं पक्कं करण्यासाठी घेतलेल्या पारंपरिक प्रयोगांचा परीक्षेतल्या गुणांवर त्यांना मोजता येईल असा परिणाम दिसला नाही. वीमन म्हणजे नोबेल मिळवलेले, आणि फेट ही जगभर वापरली जाणारी सिम्युलेशनं सुरू करणारे. पण त्यांनी प्रयोगशाळा बंद करा म्हटलं नाही. उत्तर आधीच सांगून तेच काढायला लावणं थांबवा, मोजमापातले निर्णय विद्यार्थ्यांना घेऊ द्या, असं म्हटलं. आपल्याकडे उलट चालतं. 9.8 आला नाही तर बाह्य परीक्षक गुण कापतील या धास्तीने मुलं उत्तरावरून मागे हिशेब करतात, आणि ज्याच्या टेबलात सगळी रीडिंग एकसारखी त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. घ्यायला हवी ती त्याच्यावरच.

हे बदलायला महागडी सामग्री लागत नाही. तीच फळी, तीच गोटी, आणि शेजारी टेबल टेनिसचा चेंडू. दोन्ही एकाच वेळी सोडायचे, पण आधी प्रत्येकाने कोण जिंकेल आणि का ते लिहून द्यायचं. पोकळ चेंडूला मिळतं g sin θ च्या 3/5, त्यामुळे गोटी खाली पोचते तेव्हा तो साधारण 19 सेंटिमीटर मागे असतो. एवढं अंतर पाहायला स्टॉपवॉचही लागत नाही.