समावेशक शिक्षणात करिअर करू इच्छिणाऱ्यांस

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करताय? आणि विषय अपंग मुलं, क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे मुलं, त्यांचं शाळेतलं जगणं? अभिनंदन! मागच्याच महिन्यात आरआरसीपुढे, म्हणजे पीएच.डी.चे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, उभं राहून आल्यामुळे चार युक्तीच्या गोष्टी सांगायचा अधिकार मला आपसूक मिळालाय.

शीर्षक सोवळं ठेवा. 'क्वीअर' ऐकलं की चष्मे कपाळावर जातात. 'लिंगभाव' चालतं, कारण त्याचा अर्थ मुलींची गळती एवढाच लावला जातो. ट्रान्सजेंडर व्यक्तींना मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा नालसा निकाल, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चं २०१८ साली काय झालं, हे सगळं संदर्भसूचीत ठेवा, तोंडी काढू नका. ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत कसं सामावून घ्यायचं, यावर एनसीईआरटीने २०२१मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका काढली आणि तक्रार होताच काही दिवसांत संकेतस्थळावरून उतरवली. तिथे तुमच्या सिनॉप्सिसचं, संशोधनाच्या आराखड्याचं, काय घेऊन बसलात!

गाइडची निवड सोपी आहे. ज्यांच्याकडे जागा रिकामी, ते तुमच्या विषयातले तज्ज्ञ.

३ डिसेंबरला, अपंग दिनाला, फुगे लावा, फोटो काढा. कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायलीत कामी येतात.

आणि 'मला मुलांशी बोलायचंय' असं चुकूनही म्हणू नका. मी म्हटलं. समितीचं उत्तर आलं, "मुलांना काय कळतंय? पालकांना प्रश्नावली द्या." म्हणजे पंचबिंदू श्रेणी, टी-परीक्षिका, शून्य परिकल्पनेचा त्याग, की झालात डॉक्टर! मी विचारलं, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जायची भीती कोणाला वाटते, हे पालकांना कुठून कळणार? कुबड्या घेऊन चालणारी अकरावीतली मुलगी वर्गमैत्रिणीच्या प्रेमात पडली, तर ते घरच्या प्रश्नावलीत उतरेल? त्यावर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "अहो, अपंग मुलांना असलं काही सुचतं तरी का?" आणि बाकीचे हसले! हीच मंडळी बी.एड.ला समावेशक शाळेचा पेपर शिकवतात. २०१६च्या कायद्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार यांना तोंडपाठ, पाच मार्कांना येतात ना. पण त्या मुलांना शरीर असतं, तीही वयात येतात, हे यांच्या गावीही नाही. कपडे दुसऱ्याने बदलून द्यावे लागतात म्हणून ते मूल जन्मभर बाळच का? आणि त्याच्याशी या विषयावर कोणी कधी बोललंच नसेल, तर उद्या कुणी नको तिथे हात लावल्यावर त्याने कुणाला, कोणत्या शब्दांत सांगायचं?

नोकरी? तासिका तत्त्वावर. पगार निघेपर्यंत तब्येत सांभाळा.

असो. सर, मॅडम, तुम्हालाच सांगते. माझ्या सिनॉप्सिसच्या प्रती परत आल्या, त्यांवर पेन्सिलीने 'नमुना वाढवा', म्हणजे माणसं आणखी घ्या, एवढंच लिहिलंय. मुलांची संमती कशी घेणार, त्यांना त्रास झाला तर मुलाखत कुठे थांबवणार, ही शेवटची पानं तुम्ही उलटलीसुद्धा नाहीत. ज्या विषयातलं कळत नाही, त्याच्यावर सही करायला बसता कशाला? पुढच्या बैठकीला वाचून या. आणि मुलांना हसू नका.