थडगं अर्धं झाकलं ते बरंच केलं, पण...

जुनी वास्तू 'पूर्वी होती तश्शी' उभी करायला निघालेल्या लोकांचा मला धसका आहे. किल्ल्यांवर दगडांच्या सांध्यांत सिमेंट थापलेलं बघून बघून बसलाय तो. तरी आज एका जीर्णोद्धाराची वकिली करणार आहे. निम्मीच.

नेदरलँड्सच्या ड्रेंथे प्रांतात, स्खोनओर्ड गावाजवळच्या जंगलात 'पापेलोझे केर्क' नावाचं शिळाथडगं आहे. वय पाच हजार वर्षांच्या वर. (नावाचा अर्थ 'पोपविना चर्च'; सोळाव्या शतकात इथे प्रोटेस्टंट चोरून प्रवचनाला जमायचे, अशी दंतकथा.) अशा थडग्यांना तिथे हुनेबेड म्हणतात. देशात ५४ उरलीत, दोन सोडून सगळी ड्रेंथेतच. हिमयुगात बर्फाने उत्तरेकडून ढकलत आणलेल्या अजस्र शिळा तिथल्या पहिल्या शेतकऱ्यांनी उभ्या केल्या, वर छताच्या शिळा चढवल्या, फटींत बारके दगड ठासले, आत शिरायला बाजूने बोळ ठेवला आणि सगळ्यावर माती लोटली. म्हणजे फोटोत दिसतो तो नुसता सांगाडा. इतर हुनेबेडांपाशी कितीही वेळ उभे राहा, हे डोक्यात शिरत नाही.

इथे शिरतं. १९५८-५९ मध्ये पुरातत्त्वज्ञ व्हान खिफेन यांनी अर्धा भाग मातीने झाकला, अर्धा उघडा ठेवला. झाकलेल्या बाजूने वाकून आत गेलं की दिवसाढवळ्या अंधार, आणि चाचपडताना मोठ्या शिळांमधले ते ठासलेले दगड हाताला लागतात. दहा माहितीफलक वाचून कळलं नसतं ते इथे पाठीला रग लागून कळतं.

आता जिची वकिली करणार नाही ती निम्मी बाजू. कमी पडलेल्या शिळा आणल्या कुठून? वाल्थेजवळच्या दुसऱ्या, मोडकळीला आलेल्या हुनेबेडातून. ते कायमचं गेलं. याच व्हान खिफेन यांनी इतरत्र हरवलेल्या शिळांच्या जागी जमिनीत काँक्रीट भरून फक्त खूण ठेवली होती. इथेही तेवढ्यावर भागलं असतं. गंमत म्हणजे, अठराव्या शतकात समुद्रबांधांचं लाकूड किड्यांनी पोखरलं आणि दगडाला भाव आला, तेव्हा ड्रेंथेने १७३४ मध्येच हुनेबेडांचे दगड उचलायला बंदी घातली होती. व्यापाऱ्यांना अडवलं आणि दोनशे वर्षांनी संशोधकाला वाट मोकळी!

आणि हो, कमेंटमध्ये जुनापाणी येणारच, म्हणून आधीच सांगतो: नागपूरजवळची ती शिळावर्तुळं लोहयुगातली, हुनेबेडांपेक्षा निदान दोन हजार वर्षांनी धाकटी. दोघांचं नातं जोडणारा फॉरवर्ड आला तर कृपया मला टॅग करू नका.