‘आजीनंतर कोण?’ हा रकाना फॉर्मवर नाही

‘मूल बालगृहात जाण्यापेक्षा नातेवाइकांकडे राहिलेलं बरं’ हे वाक्य आमच्या क्षेत्रातल्या कुठल्याही बैठकीत टाकावं, सगळे माना डोलावतात. कायदाही तेच म्हणतो. बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये आधी कुटुंब आणि संस्था हा शेवटचा उपाय, असं स्पष्ट लिहिलंय. मला त्यावर वाद घालायचाच नाही. मला विचारायचंय ते पुढचं. मूल नातेवाइकाकडे राहिलं, बाल कल्याण समितीनं, म्हणजे अशा मुलांचं काय करायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीनं, आदेश दिला, फाइल मार्गी लागली. मग त्या नातेवाइकाचं काय?

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात बाल संरक्षणाचं क्षेत्रकाम करते. कंत्राटी. आईवडील नसलेली, किंवा असून नसल्यासारखी मुलं ज्या घरांत राहतात तिथे भेटी द्यायच्या, गृहचौकशी अहवाल लिहायचा, बाल कल्याण समितीपुढे प्रकरण ठेवायचं, पैसे जमा होतायत का बघायचं. खाली ज्या घरांबद्दल लिहितेय त्यांचे तपशील कुणाची ओळख पटणार नाही इतके बदललेत.

शहरातल्या मित्रांना अनाथ म्हटलं की कोविड आठवतो. आमच्याकडे बाप ट्रॅक्टर उलटून गेलेला असतो, आईनं दुसरं घर केलेलं असतं आणि त्या घरात आधीच्या लेकराला जागा नसते. कुठे बापानं फवारणीचं औषध घेतलेलं असतं. कुठे आई जळून मेलेली आणि बाप तुरुंगात. आणि कुठे दोघंही धडधाकट असतात, पण ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलला परततात. तोवर लेकरं म्हातारीपाशी. ही शेवटची मुलं अनाथाच्या कुठल्याच व्याख्येत बसत नाहीत. अर्धं वर्ष त्यांच्या पोटात जाणारी भाकरी मात्र आजीच थापते.

सांभाळणारी बहुतेक वेळा आजीच. त्यातही आईची आई जास्त. चुलता असतो, पण तो कागदावर जास्त आणि घरात कमी. मामा असेल तर अहवालात ‘पालक : मामा’ असं आम्ही लिहितो आणि मोकळे होतो. मामा सकाळी सातला कामावर गेलेला असतो. मुलाची अंघोळ, डबा, उवा, गृहपाठ, रात्रीचं ओलं अंथरूण हे सगळं मामी करते. तिचं त्या मुलाशी रक्ताचं नातं नाही, तिला कुणी ‘घेऊ का?’ म्हणून विचारलेलं नसतं आणि तिच्या स्वतःच्या दोन लेकरांच्या ताटातलं तिला तिसऱ्याला वाढायचं असतं. उद्या ती एक शब्द वाकडा बोलली की गाव म्हणतं, मामीच ती, शेवटी परकीच. आमच्या फॉर्मवर मामीची सही कुठेच लागत नाही.

पैशांचं सांगते. राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. पूर्वी महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल कुटुंबातच राहावं म्हणून मिळणाऱ्या मदतीचे, महिन्याला ४००० आहेत, त्याला उत्पन्नाची अट ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. रक्कम वाढली हे चांगलंच झालं, मी ४२५ चे दिवसही पाहिलेत. पण ती दर महिन्याला येत नाही. निधी आला की गठ्ठ्यानं येते, नाही आला की महिनोन्महिने नाही. किराणावाला उधारीची वही उघडून बसलेला असतो, त्याला ‘निधी’ समजावून सांगता येत नाही. आलेली गठ्ठा रक्कम मग थेट उधारीत जाते, आणि पुढच्या भेटीत आमच्यासारखी कुणीतरी आजीला विचारते, ‘मुलाच्या नावावर काही मागे टाकलं का?’

कागदांची यादी तर विचारूच नका. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड, आधार जोडलेलं बँक खातं, आणि घरासमोर उभं राहून मुलासोबत काढलेला फोटो. फोटो लगेच मिळतो. रेशनकार्डावर मुलाचं नाव चढवायचं तर आधी बापाच्या गावच्या कार्डावरून कमी करून दाखला आणावा लागतो, आणि त्या गावात आता आजीशी कुणी बोलत नाही. जातीच्या दाखल्याला बापाकडचे पुरावे लागतात, ते चुलत्याच्या पेटीत. आईचा जीव त्या घरात गेला असेल, केस चालू असेल, तर ती पेटी उघडणार कोण? आणि जिल्ह्याच्या गावी समितीपुढे यायचं म्हणजे आजीचा रोज बुडतो. एसटीत तिचं अर्धं तिकीट, नातीचं अर्धं, तेवढाच काय तो दिलासा.

मरणाचीसुद्धा प्रतवारी असते हे मी याच नोकरीत शिकले. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावावर राज्यानं पाच लाखांची ठेव ठेवली, पीएम केअर्समधून दहा लाखांची तरतूद झाली. दिलं ते योग्यच दिलं. पण त्याच वाडीत, त्याच वर्षी, साप चावून आणि बाळंतपणात आईबाप गेलेली भावंडं आहेत. त्यांच्या आजीनं मला विचारलं होतं, ‘म्हंजी आमची माणसं चुकीच्या रोगानं मेली का मॅडम?’ आजोबांनी तिला गप्प केलं. माझ्याकडे तसंही उत्तर नव्हतं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसले ते.

या सगळ्या व्यवस्थेत फाइल मुलाच्या नावानं असते, आणि ते बरोबरच आहे. पण मुलाला रोज उठवणारं जे माणूस आहे ते कुणाच्याच फाइलमध्ये नाही. मी अहवालात लिहिते : बालकाची प्रकृती, बालकाचं शिक्षण, बालकाची स्वच्छता, घराचं छप्पर, संडास आहे का. आजीला मोतीबिंदू आहे, तिचा बीपी वाढलेला असतो आणि गोळ्या संपल्या की ती आठवडा-आठवडा तशीच काढते, हे लिहायचं कुठे? ‘इतर’ मध्ये. आणि तिला विचारलं तर ती सांगते, ‘मला काय व्हतंय, लेकराचं बगा.’

म्हातारीसाठी वेगळी खिडकी आहे. श्रावणबाळ योजना, महिन्याला १५०० रुपये, वय ६५ च्या पुढे आणि उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत. ते तहसीलमध्ये, आमचं महिला व बालविकासमध्ये. एका मुलाच्या बालसंगोपनाचे वर्षाला २७ हजार होतात. म्हणजे एका खिडकीवर गरीब ठरण्याची रेषा दुसऱ्या खिडकीवर एका लेकराला मिळणाऱ्या मदतीच्याही खाली आहे. चूल एकच, म्हातारी आणि नात एकाच ताटात जेवतात, पण सरकारला ती दोन वेगवेगळी माणसं दिसतात आणि दोघींना वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या रांगेत उभं राहावं लागतं.

बाप शेतकरी असेल आणि जमीन असेल तर सातबारावर मुलाचं नाव लागतं आणि त्यापुढे ‘अ.पा.क.’ म्हणून मोठ्या माणसाचं नाव येतं, अज्ञान पालनकर्ता. बहुतेक वेळा चुलता. ही नोंद किती चटकन होते ते कधी तलाठ्याकडे बसून बघा. दोन एकर कोरडवाहू कोण सांभाळणार याची नोंद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या दोन एकरांच्या मालकाला रात्री ताप आला तर कपाळावर पट्ट्या कोण ठेवणार, याची नाही.

कायद्यात काहीच नाही असंही नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २(३१) मध्ये पालक म्हणजे फक्त नैसर्गिक पालक नव्हे. मुलाचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे आणि समितीनं ज्याला तसं मानलंय तो सुद्धा पालक. बाल कल्याण समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तरीही तिचा आदेश घेऊन आजी बँकेत गेली की काउंटरवरून उत्तर येतं, ‘कोर्टाचं गार्डियनशिपचं आणा.’ शाळेत ‘वडिलांनाच पाठवा’ म्हणणारे शिक्षकही भेटतात, वडिलांच्या फोटोला हार घातलेला असताना. मी स्वतः आदेशाची झेरॉक्स पिशवीत ठेवते आणि कलमाखाली लाल रेघ मारून दाखवते. कधी चालतं, कधी नाही. माझ्या मते समितीच्या प्रत्येक आदेशासोबत पालकाच्या नावाचं, फोटोचं, शिक्क्याचं साधं कार्ड दिलं तर निम्मी वणवण वाचेल. कलम आहेच, त्याला खिशात मावेल असं रूप द्यायचंय.

पण यापेक्षा अवघड प्रश्न वयाचा आहे. आजी ६८ ची, नात ७ ची. हिशेब कुणालाही करता येतो. नात अठराची होईल तेव्हा आजी ७९. आमच्या कुठल्याही फॉर्मवर ‘या पालकानंतर कोण?’ असा रकाना नाही. आजीच्या डोक्यात मात्र तो प्रश्न सोडून दुसरं काही नसतं. आणि तिच्याकडे उत्तरही असतं. मुलगी चौदा-पंधराची झाली की ती म्हणते, ‘डोळे मिटायच्या आत हात पिवळे करून टाकते, म्या गेल्यावर हिला कुनी बगायचं?’

बालविवाह रोखायला आम्ही जातो. ग्रामसेवक हा गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, पोलीस असतात, २००६ चा कायदा असतो. लग्न थांबतं, हमीपत्र लिहून घेतलं जातं, व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतो, अभिनंदन होतं. हमीपत्रावर अंगठा उठवणारी बाई अडाणी किंवा दुष्ट असल्यासारखं आपण तिच्याकडे बघतो. तिनं केलं काय? तिच्यानंतर पोरगी कुणाच्या दारात राहील याची व्यवस्था. चुकीची, बेकायदेशीर, पोरीचं आयुष्य खाऊन टाकणारी व्यवस्था, यात मला जराही शंका नाही आणि ती मोडायलाच हवी. पण मोडताना दुसरी आपण दिली का? लग्न थांबवलेल्या दिवशी आजीचं वय ऐंशीकडे झुकलेलं होतं, दुसऱ्या दिवशीही तेच होतं.

इथे कुणीतरी कमेंट करणार, म्हणून आधीच सांगते : सगळे नातेवाईक देवमाणसं नसतात. पोराला शेळ्यांमागे पाठवून त्याच्या पैशांवर मोबाइल घेणारा काका मी पाहिलाय. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला, प्रकरण पात्र ठरलं तर, एक लाखाची मदत मिळते, त्यातले ७० हजार ठेवीत जातात. ती ठेव मोकळी होईपर्यंत माया करणारेही आहेत. नात्यातल्याच माणसाकडून मुलीवर अत्याचार झाल्याची प्रकरणंही आमच्याकडे येतात. म्हणून तपासणी हवीच, आणि न कळवता गेलेली भेटही हवी. अडचण ही आहे की तपासणारी आणि आधार देणारी बाई एकच, तिची वही एकच. मी उंबरठ्यावर पाऊल टाकलं की आजी आधी फाटकी गोधडी लपवते. तिला वाटतं, गरिबी दिसली तर ही बाई नातीला उचलून बालगृहात टाकेल. ज्या गोधडीसाठी मी मदत मिळवून देऊ शकले असते तीच माझ्यापासून लपवली जाते. हे आजीचं अज्ञान नाही. तिला वर्षानुवर्षं फक्त तपासायलाच माणसं आलीत, म्हणून तिनं बांधलेला हा अंदाज आहे, आणि तो फारसा चुकीचा नाही.

मला विचाराल तर ही दोन कामं दोन माणसांकडे हवीत. एकानं मुलाच्या बाजूनं तपासावं, दुसऱ्यानं सांभाळणाऱ्याच्या बाजूनं उभं राहावं, तिची पेन्शन, तिचं ऑपरेशन, तिचं रेशन बघावं. पदं वाढवायला पैसे नाहीत हे मला सांगू नका, बालगृहात एका मुलामागे इमारत, स्वयंपाकी, काळजीवाहक, पहारेकरी यांचा खर्च सरकार उचलतंच. आजी ते सगळं एकटी करते.

आणि तो रकाना हवा. दरवर्षीच्या आढाव्यात पालकाला विचारा, तुम्ही आजारी पडलात तर मूल कुठे जाईल? मुलालाही विचारा, त्याचं उत्तर बरेचदा वेगळं असतं. आजी म्हणते मामा, मूल म्हणतं आत्या. त्या दुसऱ्या माणसाला एकदा समितीपुढे बोलवा, त्याचं नाव आदेशात येऊ द्या, सुट्टीत मूल तिकडे चार दिवस राहू द्या. तसं कुणीच नसेल तर तेही आज कळू द्या, म्हणजे पुढच्या शिक्षणाच्या वसतिगृहाचा विचार नववीतच सुरू करता येईल. मातीच्या दिवशी, सगळे रडत असताना, ‘पोरीला कोण नेतंय?’ असा विचार अंगणात उभ्या उभ्या होऊ नये. तशा अंगणात मी गेलेय. पोरगी तिथेच पाण्याचे तांबे भरून देत होती.

ज्यांच्या ओळखीत असं घर आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. अर्जासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. अर्जाला कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. ‘मॅडमची ओळख आहे, दोन हजार द्या’ म्हणणारा माणूस सध्या बऱ्याच तालुक्यांत फिरतोय, त्याला दारातूनच परत पाठवा. आईवडील दोघंही नसतील तर अनाथ प्रमाणपत्राचं नक्की विचारा. राज्यात अनाथांना १ टक्का आरक्षण आहे आणि ते फक्त संस्थेत वाढलेल्या मुलांसाठी नाही, नातेवाइकांकडे वाढलेल्यांसाठीही आहे. हे बहुतेक आज्यांना माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर काही कार्यालयांनाही. मूल धोक्यात वाटलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, रात्री-अपरात्रीही.

आणि अर्ज भरायला सोबत गेलात तर त्याच फेरीत आजीच्या श्रावणबाळचंही तहसीलमध्ये विचारून या. एसटीचं तिकीट काढलेलंच आहे.