‘जळगावात बसून’ बिल्ड अडवण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की प्रोजेक्टमध्ये वेब फ्रेमवर्कची (साइट ज्या तयार सांगाड्यावर उभी असते त्याची) धोकादायक आवृत्ती असेल तर बिल्ड, म्हणजे कोडपासून चालती साइट तयार करायची पायरी, तिथंच थांबला पाहिजे, नुसती पिवळी वॉर्निंग दाखवून पुढे जाता कामा नये. त्यावर एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली. फायरवॉल असताना हे सगळं कशाला, धोके शोधणारे स्कॅनर खोटे इशारे देतात, रिॲक्ट या वेब लायब्ररीबद्दलचं एक वाक्य चुकीचं आहे, असे त्यांचे मुद्दे. आणि शेवटी हे: ‘जळगावात बसून चार बातम्या वाचायच्या आणि बिल्ड अडवायच्या गप्पा मारायच्या, खरा क्लायंट सांभाळला असता तर कळलं असतं.’

आधी माझी चूक. डिसेंबर २०२५ चं सुरक्षेतलं ते भगदाड रिॲक्ट १९ च्या सर्व्हर कंपोनंट्समध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या भागात होतं. नुसत्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साइटला त्याचा धोका नव्हता. मी ‘रिॲक्टच्या सगळ्या साइट’ असं सरसकट लिहून गेलो. ते वाक्य काल बदललं, दाखवून दिल्याबद्दल आभार.

आता ते शेवटचं वाक्य. ते मला लागलं. मुद्दा पटला नाही तर खुशाल खोडा, गाव कशाला काढता? अकरा वर्षं झाली मी इथूनच काम करतो. रावेर, सावदा, यावलचे केळीवाले, दोन जिनिंग, एक पतसंस्था. हे लोक तिकीट उघडत नाहीत, फोन करतात, आणि फोन उचलला नाही तर मोटरसायकलवर घरी येतात. क्लायंट सांभाळणं म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नाही.

आणि बातम्या वाचून लिहिलं म्हणता, तर ऐका. ३ डिसेंबर, बुधवार. ते भगदाड जाहीर झालं, दहापैकी दहा धोका. लॉगिनची गरज नाही. नीट रचलेली एक रिक्वेस्ट पाठवली की समोरच्याचा कोड आपल्या सर्व्हरवर चालतो. गुरुवारी रात्री जागून मी सगळ्या क्लायंटांचं नेक्स्ट जेएस (रिॲक्टवर उभं असलेलं फ्रेमवर्क, म्हणून तेही धोक्यात) नव्या आवृत्तीवर नेलं. एका केळी व्यापाऱ्याच्या काटापट्टीच्या सिस्टिमला १५.३.६ ही दुरुस्त आवृत्ती बसवली आणि झोपलो.

शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडच्या मुलानं त्याच सिस्टिमचा एक छोटा बदल लाइव्ह केला. त्याची ब्रँच (कोडची वेगळी प्रत) आठवड्यापूर्वीची, लॉकफाइलही (कशाची कुठली आवृत्ती बसवायची ती यादी) तेव्हाची. एनपीएम सीआय ही कमांड लॉकफाइलमध्ये लिहिलेलंच बसवते, तेवढंच त्यानं केलं. जुनी आवृत्ती परत सर्व्हरवर गेली. बिल्ड हिरवा. मुलाचा दोष मी मानत नाही. त्याला अडवणारं तिथं काहीच नव्हतं, आणि ते मी ठेवायला हवं होतं.

रविवारी पहाटे पाचला फोन. ‘सायेब, पट्टी निघून नाही राह्यली. तीन गाड्या भरून उभ्या आहेत.’ सर्व्हरवर टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून पाहिलं तर एक अनोळखी प्रोसेस दोन्ही कोअर खात बसलेली: कुणाची तरी क्रिप्टो मायनिंग. कापलेला माल दिल्लीकडे निघायचा होता. सहा तास मुनीमजींनी कार्बन घालून हातानं पट्ट्या लिहिल्या. नंतर त्या मी एकेक करून भरल्या. खालच्या प्रतीत निळा आकडा इतका पुसट की ३ आहे का ८ ते कळेना, आणि त्या एका आकड्यावर शेतकऱ्याचे पाच क्विंटल इकडचे तिकडे. सर्व्हर पुसून नव्यानं उभा केला. डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएसची की, एन्व्ह फाइलमधलं जे जे होतं ते सगळं बदललं, कारण आत शिरलेल्यानं काय काय वाचलं ते सांगता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: एकदा वर नेलेली आवृत्ती वरच राहील याची खात्री माणूस देऊ शकत नाही. माणसांच्या भरवशावर राहिलं की काय होतं ते २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकेतल्या, लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीत दिसलं. स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कची दुरुस्ती मार्चमध्ये आली, ४८ तासांत बसवा असा निरोप कंपनीत फिरला, आणि मे महिन्यात चोर त्याच भगदाडातून आत शिरले. १४ कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली. निरोप फिरला होता, पण जुनी आवृत्ती चालूच राहिली.

‘हे थेर पुण्या-मुंबईला परवडतात’ असंही तुम्ही लिहिलंय. उलट आहे. साइट स्वतःच्या सर्व्हरवर चालवून देणाऱ्या व्हर्सेल कंपनीनं त्या डिसेंबरमध्ये नेक्स्ट जेएसच्या धोकादायक आवृत्त्यांचं डिप्लॉयमेंट (लाइव्ह करणं) स्वतःच बंद केलं. त्यांच्याकडे असणाऱ्यांच्या दारात कुणीतरी उभं होतं. आपल्याकडे महिना काहीशे रुपयांचा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा, आपणच सांभाळायचा सर्व्हर, त्याच्या दारात कोण आहे? आपणच. ज्याच्याकडे रात्री जागणारी टीम नाही, त्यालाच बिल्ड अडवण्याची जास्त गरज आहे.

फायरवॉलचा मुद्दा मी लांबवत नाही. ठेवा, मीही ठेवतो, पण तिच्या भरवशावर जुनी आवृत्ती चालवू नका. खोट्या इशाऱ्यांचं म्हणाल तर सगळ्याच इशाऱ्यांवर अडवा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. सर्व्हरवर परका कोड चालू शकेल अशा भगदाडांपुरतंच ते आहे, आणि सूट हवीच असेल तर कुणी, का आणि कुठल्या तारखेपर्यंत दिली ते रेपोत (कोड ठेवतो तिथेच) लिहून ठेवायचं.

‘शुक्रवारी संध्याकाळी बिल्ड अडला तर जबाबदार कोण’ हे विचारलंत. मी. क्लायंटला फोन करून ‘बदल सोमवारी येईल’ हे मी सांगेन. असे दोन फोन केलेत, दोघांनीही ‘बरं’ म्हटलं. रविवारी पहाटे पाचचा तो फोन तुम्ही उचलला असता तर असं लिहिलं नसतं.

लॉकफाइल वाचून बिल्ड थांबवणारी माझी स्क्रिप्ट वीस-बावीस ओळींची आहे. मागेल त्याला देतो, तुम्हालाही देईन. फक्त मागताना जळगावचं नाव नीट घ्या.