चौदा जणांचा ग्रुप, ती सोडून

सकाळपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय. ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारूनच लिहितेय.

ऑफिसातल्या एकाच्या बायकोला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघालाय. वय 33. बायोप्सीचा रिपोर्ट आला, गुरुवारी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा जायचंय. तयारी काय चाललीय, तर याच्या धाकट्या भावाने व्हॉट्सॲप ग्रुप काढलाय, 'डॉक्टरांना विचारायचे प्रश्न'. चौदा माणसं. मावससासरे आहेत, नणंदेचे मिस्टर आहेत. ती नाही. का, तर "तिला कशाला उगाच टेन्शन!"

अरे, गाठ तिच्या गळ्यात आहे ना?

आमच्या बाबांच्या आजारपणात ग्रुप नव्हता, फुलस्केप होता. दादाने सुवाच्य अक्षरात एकवीस प्रश्न लिहिलेले. बार्शीहून पहाटे निघून पुण्याला आलो, साडीच्या दुकानाच्या पिशवीत फाईल, आणि केबिनमध्ये पहिल्या मिनिटाला डॉक्टरांनी विचारलं, "ब्लॉक आणलेत?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या छोट्या वडीत जपून ठेवतात, त्यावरून काचा करून पुन्हा तपासता येतं, हे एकवीस प्रश्नवाल्यांना माहीत नव्हतं. दादा तसाच बार्शीला परत. तर ज्यांना जायचंय त्यांनी नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. लॅबमधून ब्लॉक आणि काचा मागून घ्या. चालू गोळ्यांची पाकिटं न्या. शुगर असेल तर पहिल्यांदा ते सांगा, कारण या उपचारात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि शुगर उसळते. ताप, रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम, उतरलेलं वजन, कधीपासून ते तारखेनिशी लिहून न्या.

पण मी हे सांगायला बसले नव्हते.

दादाचा कागद संपत आला तेव्हा बाबा मध्येच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सोयाबीन काढणीला आलंय. आठ दिवसांनी सुरू केलं तर चालंल का?" आणि बाबांना गप्प करण्यात आलं. "बाबा, इथं सोयाबीन कुठं काढता!"

डॉक्टरांनी मात्र पेन खाली ठेवलं. म्हणाले, आजार अंगात कुठे कुठे आहे ते बघायचा पेट स्कॅन व्हायचाय, हृदयाची टूडी इको व्हायचीय, रक्तात 'हिपॅटायटिस बी' ही कावीळ तपासायचीय, आठवडा जाणारच आहे. काढून घ्या. पण मळणीच्या धुळीत उभं राहायचं नाही, बांधावर बसून बघायचं. आणि त्याच्यापुढे एक दिवस थांबायचं नाही. मग कॅलेंडर ओढून दर एकवीस दिवसांनी एक अशा सहा तारखांवर बाबांना स्वतःच्या हाताने गोल करायला लावले. एकवीस प्रश्नांतून जे कळलं नाही ते त्या एका प्रश्नातून कळलं.

आता या ग्रुपवरचे प्रश्न ऐका. पपईच्या पानांचा रस द्यायचा का. दूध बंद करायचं का. आणि मावससासऱ्यांचा हुकूम, "चौथी स्टेज निघाली तर तिच्यासमोर बोलू नका असं डॉक्टरांना आधीच सांगा." अहो काका, लिम्फोमा लसिकाग्रंथींचा, पांढऱ्या पेशींचा आजार, त्या पेशी मुळात अंगभर फिरणाऱ्याच. इथे चौथी स्टेज म्हणजे सगळं संपलं असं नसतं, त्यातूनही कितीतरी लोक पूर्ण बरे होतात. तुम्ही तोंडाला कुलूप लावलंत तर ती बिचारी रात्री मोबाइलवर वाचून मरणाची तारीख काढत बसेल.

काहींना खरंच काही ऐकायचं नसतं, हे मान्य. पण तेही तिला विचारूनच ठरवाल ना?

आणि तिचं वय 33, मूल नाही. काही केमोंनी पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो, बीजांडं गोठवून ठेवायची तर ते बहुतेक पहिल्या सलाईनच्या आधीच बघावं लागतं. चौदा जणांत हा प्रश्न कोण टाकणार? मावससासरे? तिच्या मनात तो असेल, नसेलही. कदाचित तिला गाडी चालवता येईल का एवढंच विचारायचं असेल. वाईट कोणीच नाही, घाबरलेत. आम्हीही घाबरलो होतो.

वर मी "गप्प करण्यात आलं" असं लिहिलंय. आत्ता परत वाचलं. गप्प मी केलं होतं. "इथं सोयाबीन कुठं काढता" हे वाक्य माझं. बाबांचा हात दाबून, डॉक्टरांकडे बघून हसले होते, आमचे बाबा जरा साधे आहेत हं, अशा थाटात.

बाबा बरे आहेत. चार वर्षं झाली. आम्हा दोघांत तो विषय कधी निघालेला नाही.

दुपारी मी ऑफिसातल्या त्या मुलाला म्हटलं, ग्रुप राहू दे, आज रात्री जेवण झाल्यावर तिच्या हातात कोरी वही दे आणि तू भांडी घास. तो म्हणाला, "आणि तिने काहीच लिहिलं नाही तर?" तर कोरी वही घेऊन जा. पण खुर्चीत डॉक्टरांसमोर ती बसेल, तू बाजूला.

गुरुवारी संध्याकाळी फोन करणार आहे. आधी तिला.