अर्ध्या मुहूर्ताचं वाचन

यंदा दिवाळी अंक नुसते आणायचे नाहीत, वाचायचेसुद्धा, असं ठरवलं असेल तर आधी महिना नीट आखून घ्या. आखणी झकास जमली की वाचनाची फारशी गरज उरत नाही.

सुरुवात 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी करावी. ऑफिसात त्या दिवशी सगळ्यांच्या हाती पुस्तकं देऊन फोटो काढतात. आपलं उलटं धरलेलं नाही ना, एवढं बघा. प्रत्यक्ष वाचन मात्र दिवाळीच्या पाडव्यापासून. साडेतीन मुहूर्तांतला हा अर्धा मुहूर्त, त्यामुळे संकल्प अर्ध्यावर राहिला तरी शास्त्राला धरूनच.

मग हिशेब. अंक आठ, प्रत्येकी दोनशे पानं, दिवस तीस. म्हणजे रोजची साधारण चोपन्न. नवी वही घ्या, रकाने आखा, दोन रंगांची पेनं आणा. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही तर बाकीची पानं उरलेल्या दिवसांत वाटून टाका. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, पुन्हा वाटा. मग पाहुणे, कार्तिकी एकादशी. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात आणि आहेराच्या पाकिटांपुढे साहित्य मागे पडणारच. अमावास्येच्या आदल्या दिवशी वही सांगेल: रोज आठशे. तरी भागाकार बरोबर आला, याचं समाधान मानावं.

अंक विकत घेण्यापेक्षा वाचनालयाची दिवाळी अंक योजना बरी. एकदा वर्गणी भरली की ‘तो अंक आला का?’ असं विचारायला रोज जाता येतं. हवा तो अंक कायम दुसऱ्याकडे गेलेला असतो, त्यामुळे दोष आपल्यावर येत नाही. मिळालाच, तर शब्दकोडं कुणीतरी पेनाने आणि चुकीचं भरलेलं असेल. कथेखाली पेन्सिलीने ‘भिकार’ आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘मग तुम्ही लिहा’. हा मजकूर सोडू नका. अंकातला सगळ्यात मोकळा परिसंवाद तोच.

वाचण्याचा क्रमही ठरलेला असावा. आधी राशिभविष्य: आपलं, मग बायकोचं, मग साहेबांचं. नंतर व्यंगचित्रं. त्यानंतर बँका, सराफ आणि पतसंस्थांच्या शुभेच्छा. त्या मन लावून वाचा, कारण अंक उभा असतो तो याच पानांवर. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आलेली आहे. तिच्याबद्दल अभिमान जरूर बाळगावा. त्याला पानं उलटावी लागत नाहीत. दीर्घकथा मात्र ‘निवांत वाचू’ म्हणून खूण घालून ठेवा. खुणेला लग्नपत्रिका उत्तम.

अंक परत करताना काउंटरवरच्या बाई विचारतील, ‘कसा वाटला?’ तेव्हा किंचित सुस्कारा सोडून म्हणा, ‘पूर्वीसारखा दर्जा राहिला नाही हो.’ हे वाक्य कुठल्याही वर्षी, कुठल्याही अंकाला चालतं. त्यावर बाई ‘म्हणजे नेमकी कुठली कथा?’ असं विचारायला लागल्या, तर पुढच्या वर्षीची वर्गणी लगेच काढून त्यांच्यासमोर ठेवा. पावती लिहिताना त्यांना बोलता येत नाही.