मावशीची तारीख आणि रोबोटचा फॉरवर्ड

देवगडच्या माझ्या मावशीने गुडघ्याच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली. कारण एक फॉरवर्ड: 'रोबोटशिवाय गुडघा बदलू नका. हाताने बसवलेला सांधा दहा वर्षांत निकामी होतो. रोबोट हाड न कापता ऑपरेशन करतो. नंतर व्यायामही लागत नाही.' फोन केला तर मावशी म्हणते, "माका रोबोटानच करूचा आसा."

आधी दहा वर्षांचं बघू, कारण ती घाबरली आहे त्यालाच. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडमधल्या नोंदी तपासून 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हिशोब छापून आला: पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षं टिकतात. म्हणजे ते सांधे 1990च्या आसपास किंवा त्याआधी बसवलेले. तेव्हा कुठला रोबोट? सगळे सर्जनने हाताने बसवलेले.

'हाड न कापता' हे साफ खोटं. मांडीच्या हाडाचं टोक आणि नडगीचा माथा कापल्याशिवाय नवा सांधा बसणार कशावर?

रोबोटमुळे कापणी जास्त अचूक होते, हे मान्य. पण पाय अगदी सरळ रेषेत आणायचा की माणसाच्या मूळ ठेवणीप्रमाणे ठेवायचा, यावर सर्जनांचंच अजून एकमत नाही. मग ती अचूकता नेमकी कुठल्या रेषेची? दक्षिण कोरियात दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची सरासरी 13 वर्षांनी तुलना झाली. दुखणं, हालचाल, सांधा टिकणं, कशातच फरक निघाला नाही. रोबोट जुन्या पिढीचा होता, एवढं सांगायला हवं.

व्यायाम लागत नाही म्हणणाऱ्याचा मात्र मला खरोखर संताप येतो. सुरुवातीच्या आठवड्यांत गुडघा वाकवला नाही तर तो आखडतो, मग बसवलेला कुणीही असो. आमच्या शेजारच्या काकी पाटावर पावडर टाकून टाच मागे सरकवायच्या. डोळ्यांत पाणी यायचं, पण रोज सकाळ-संध्याकाळ करायच्या. आज त्या बाजारातून पिशवी घेऊन चालत येतात. हा मेसेज तेव्हा त्यांच्या हातात पडला असता तर?

मावशी पडवीच्या जांभ्याच्या चार पायऱ्या कठडा धरून आडवी उतरते. पाय धनुष्यासारखे वाकलेत, दरवर्षी थोडे जास्त. रविवारी देवगडला जातोय. डॉक्टरांना विचारलंय, पुढच्या महिन्यातली तारीख मिळते आहे.